साहेबाला ओळखीतून काढलं

नाही, पण मला एक सांगा, माणसाला काढून टाकायचं बटण इतकं गुळगुळीत ठेवायचं काही कारण? तीन ठिपके दाबायचे, खाली एक यादी लोंबते, त्यात सगळ्यात शेवटी 'ओळखीतून काढा', दाबलं की माणूस गेला! विचारत नाही हो कुणी, की बाबा नक्की ना, रागात तर नाहीस ना, घरच्यांशी बोललास का... काही नाही. आमच्या इमारतीत कपडे धुवायच्या सामाईक खोलीची वेळ रद्द करायची म्हटली तरी ते यंत्र दोनदा विचारतं. आणि इथं अख्खा माणूस! तुम्हाला सांगतो, हातपाय गार पडले होते माझे त्या दिवशी, आणि दिवस कुठला, तर ऑगस्टातला, बाहेर लोक उघडेबंब पडलेत गवतावर.

मी स्टेलान. वय छप्पन्न. राहतो नोरशेपिंगला, स्टॉकहोमपासून दोनेक तासांवर. शाळांच्या, इस्पितळांच्या छतातून पत्र्याच्या नळ्या जातात बघा, आतली हवा खेळती राहावी म्हणून, त्या नळ्या किती जाड असाव्यात, कुठं वळाव्यात, ते मी ठरवतो. तेवीस वर्षं एकाच कंपनीत. तेवीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही, कारण हवा नीट असली की ती आहे हेच कुणाला कळत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. मी मुळात भिडस्त. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर माळा; शेजारी जिन्यात असला तर मी दाराच्या भोकातून बघत आत उभा राहतो, तो खाली उतरला की मग बाहेर पडतो. हसू नका, तोही तेच करतो. एकदा आम्ही दोघंही आपापल्या दाराआड वीस मिनिटं उभे होतो, दोघंही कामावर उशिरा पोचलो. आता समोरासमोर आलो असतो तर काय झालं असतं? काही नाही, हवापाण्याचं बोलावं लागलं असतं, मग एखादा शब्द इकडचा तिकडं... उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

तर ती साइट. नोकरीधंद्यातल्या ओळखी ठेवायची साइट हो, जिथं सगळे कोट घालून हाताची घडी घालून हसत असतात. तिथं माझ्या आठशे चौदा ओळखी. खऱ्या ओळखीचे किती? नऊ. बाकीचे आले कुठून? अहो, विनंती आली की मी 'हो' म्हणतो, नाही कसं म्हणणार? एक जण पंख्यांच्या एका प्रदर्शनात माझ्या शेजारी उभा राहून सॉसेज खात होता. मी त्याच्याशी बोललोसुद्धा नाही, नुसती मोहरीची बाटली पुढं सरकवली. तेवढ्यावर चौदा वर्षं मी त्याचा वाढदिवस पाळतोय. दुसरा एक रॉनी म्हणून, घराच्या माळ्यावर थंडी अडवायला कापूस भरून देतो, तो दर महिन्याला लिहितो, 'स्टेलान, तुझ्या घराचं डोकं उघडं आहे.' मी दर महिन्याला लिहितो, 'खूप छान, धन्यवाद, सध्या नको.' आता 'सध्या' लिहायचं काही नडलं होतं का? पण नुसतं 'नको' लिहायचं म्हणजे... नाही हो. एक बाई हिमतीचे वर्ग घेतात, त्यांनाही 'सध्या नको.' असे रोज पंधरावीस. माझी बायको मारित, ती स्पष्ट बोलते, ती म्हणाली, "स्टेलान, दात घासताना तू कुणाला उत्तरं देतोयस?"

पण या सगळ्यांचं एक वेळ चाललं असतं. खरा काटा निराळाच. पाँटस. माझा साहेब. आमच्याकडे साहेबाला साहेब म्हणत नाहीत, पाँटसच म्हणायचं, अरे-तुरेच करायचं, त्याचं दार कायम उघडं, आणि म्हणून तर जास्त भीती. ओरडणारा साहेब परवडला हो, ओरडून झालं की निदान कळतं तरी, की झालं. पाँटस ओरडत नाही. पाँटस मान तिरकी करून 'हंऽ' म्हणतो. आणि हा पाँटस रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्या साइटवर लोकरीची टोपी घालून तळ्याकाठी उभा. खाली मजकूर. 'काल मी हरलो. आज मी शिकलो. उद्या मी थंड पाण्यात उडी मारणार.' मार की! पण खाली 'आवडलं'चा अंगठा द्यायचा असतो ना आम्ही. आता तो द्यायचा कधी? पहिला दिला तर लोक म्हणणार लाळघोट्या. शेवटी दिला तर पाँटस म्हणणार, स्टेलान नाराज दिसतो. मी हिशेब घातला, सातवा नंबर चांगला. मग सहा जणांची वाट बघत बसायचं. काही दिवशी दुपारपर्यंत पाचच व्हायचे, तुम्हाला सांगतो, पुढ्यात मासा गार होतोय आणि मी टेबलाखाली फोन धरून बसलोय, कुणीतरी द्या रे अंगठा!

जुलैत तर कहर झाला. पाँटसनं लिहिलं, 'माझ्या टीममधली माणसं मला तोंडावर नाही म्हणू शकतात याचा मला अभिमान आहे', आणि खाली माझं नाव जोडलं. मी? मी काय केलं, खाली लाल बदाम दिला. दिला आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की मारितनं मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं.

मग आमची मुलगी टूवा आली, गोटेनबर्गला असते, सव्वीस वर्षांची. तिनं माझा फोन बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बाबा, काढून टाक."

"कुणाला?"

"ज्याचं नाव दिसलं की तुझ्या पोटात गोळा येतो, त्या सगळ्यांना."

"त्यांना कळेल ना गं."

"नाही कळत. साइट सांगत नाही त्यांना."

सांगत नाही! मला तर आणखीनच धडकी भरली. म्हणजे चोरून? आमच्याकडे माणूस जेवून उठला की आभार मानतो, पुढच्या आठवड्यात रस्त्यात भेटला तर 'त्या दिवशीबद्दल धन्यवाद' म्हणतो. कुणी तीन महिन्यांसाठी कामाला येऊन गेलं तरी आम्ही केक आणतो, उभं राहून चार शब्द बोलतो, फुलं देतो, मग सोडतो. आणि इथं चौदा वर्षांची ओळख, मोहरीपुरती का असेना, ती अशी मागच्या दारानं तोडायची? मी म्हटलं, टूवा, मी प्रत्येकाला आधी दोन ओळी लिहिणार, नीट आभार मानणार, आणि मगच काढणार. ती म्हणाली, "बाबा, जगात कुणी असं करत नाही." मी म्हटलं, असू दे. उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

त्या दोन ओळींना दोन शनिवार-रविवार गेले. पहिल्यांदा लिहिलं, 'मी तुला या साइटवरच्या माझ्या ओळखीतून काढून टाकत आहे.' वाचलं आणि मलाच वाईट वाटलं. काय ही भाषा! 'काढून टाकत आहे' खोडलं. मग 'ओळखीतून' खटकायला लागलं, ओळखीतून म्हटलं की समोरचा म्हणणार, मी काय केलं? खोडलं. मग नुसतं 'या साइटवरच्या' उरलं, त्याला काही अर्थच राहिला नाही, तेही खोडलं. शेवटी जे उरलं ते असं, ऐका: 'इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. बरेच दिवस मनात होतं, आता थांबायची वेळ आली आहे असं वाटतं. कुणावर राग नाही. तुझ्याकडून खूप शिकलो. सुखी राहा. तुझा स्टेलान.'

मारितनं वाचलं. म्हणाली, "छान लिहिलंयस. फक्त तू काय करतोयस ते यात कुठंच नाहीये."

मी म्हटलं, "बरोबर! तेच तर जमत नव्हतं इतके दिवस!"

रविवारी दुपारी तेरा जणांना पाठवलं. बारा हे असे, मोहरीवाला, रॉनी, हिमतीवाल्या बाई वगैरे, आणि तेरावा... बोट कसं गेलं देव जाणे, पण गेलं. तेरावा पाँटस. एक क्षण हो, आयुष्यात एकच क्षण मला हिंमत आली, नेमकी तेव्हाच फोन हातात होता. पत्र पाठवलं, तीन ठिपके, यादी, 'ओळखीतून काढा', गेला पाँटस. आणि मी बाल्कनीत जाऊन रेलिंग धरून उभा राहिलो.

अर्ध्या तासात रॉनीचा फोन. आवाज एकदम खोल. "स्टेलान, डॉक्टर काय म्हणतात?" मी म्हटलं, कुठले डॉक्टर? तो म्हणाला, "तू खंबीर आहेस. एवढ्या वर्षांत मला कुणी आभाराचं एक अक्षर लिहिलं नाही रे, आणि तू अशा वेळी..." आणि रडायला लागला. मी इतका ओशाळलो, इतका ओशाळलो, की म्हटलं, रॉनी, तू ये बाबा, माळ्याचं माप घेऊन जा. आला. कापूस भरून गेला. आता घर इतकं गरम असतं की खिडकी उघडून झोपतो आम्ही. जाऊ द्या.

सोमवारी ऑफिसात गेलो तर पाँटस कॉफीच्या यंत्रापाशी उभा. मान तिरकी. मला वाटलं, संपलं सगळं.

"स्टेलान. तुझं पत्र वाचलं."

"हं."

"दोनदा वाचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या निर्णयाचा मी आदर करतो."

काय सांगू तुम्हाला, छातीवरचा धोंडा उतरला! म्हटलं, बघा, माणूस मोठा आहे, आपणच उगाच घाबरत होतो, साध्या साइटवरून काढलं तर किती समजुतीनं घेतलं. मी म्हटलं, "पाँटस, बाकी आपलं सगळं पूर्वीसारखंच ना?" तो म्हणाला, "अर्थात, आपण संपर्कात राहूच." आता त्याची खोली माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर, संपर्कात राहू म्हणजे काय, असं क्षणभर वाटलं. मग म्हणाला, "नियमानं तीन महिने धरूया ना?" मला वाटलं साइटचा काहीतरी नियम असेल. मी म्हटलं, "तुला बरं पडेल तसं."

बुधवारी एक मोठं पाकीट माझ्या टेबलावर आलं. कुणी नोकरी सोडून चाललं की भेटकार्ड फिरतं ना सगळ्यांकडे, सह्या करायला, तसलं. आतल्या कार्डावर शिडाची होडी. मी नेहमीसारखं आतला मजकूर न वाचता लिहिलं, 'पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, तुझी उणीव भासेल, स्टेलान', आणि समोर गुनब्रिटकडे सरकवलं. गुनब्रिट एकोणीस वर्षं माझ्या समोर बसते. तिनं कार्ड बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत कार्ड बघितलं. आता दुसऱ्या कुठल्या देशातली बाई असती तर काही बोलली असती की नाही? गुनब्रिट एवढंच म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं."

तेव्हा मला उलटं दिसलं, वर ठळक अक्षरात. 'प्रिय स्टेलान.'

पाचावर धारण बसली माझी! छप्पन्नाव्या वर्षी पत्र्याच्या नळ्या वळवणाऱ्याला कोण हो दारात उभं करणार? दुसरं काही येत नाही मला. मारित अर्धा वेळ वाचनालयात, घर माझ्या पगारावर चालतं. आणि मी काय केलं? म्हटलं, "हो ना, पेन चांगलं आहे."

नाही, मी गेलो सांगायला. तीनदा गेलो. पहिल्यांदा पाँटस केळं खात होता, खाताना कसं सांगणार? दुसऱ्यांदा कुणाशी तरी हसत बोलत होता, त्याचा चांगला दिवस कशाला नासवा? तिसऱ्यांदा बसलोच जाऊन. म्हटलं, "पाँटस, एक सांगायचं होतं." तो म्हणाला, "थांब. आधी मी." आणि डोळ्यांत पाणी हो त्याच्या. म्हणाला, "स्टॉकहोमला वरच्या लोकांना मी सांगितलं, स्टेलान चाललाय कारण तो प्रामाणिक आहे. घरी बायकोला पत्र दाखवलं, ती म्हणाली निदान एकानं तरी तुला सरळ लिहिलं. स्टेलान, मी त्या तळ्यावर जाणं बंद केलंय. अंगठ्यांसाठी जात होतो मी." आता सांगा, अशा माणसाला काय सांगू, की बाबा रे, तू चुकीचं वाचलंस? तेवढ्यात मलिन आली, कामगारांची कागदपत्रं ती बघते, हातात कागद, 'नोकरी सोडण्याचा शेवटचा दिवस एकोणतीस नोव्हेंबर', आणि माझ्यापुढं पेन धरून उभी राहिली. किती वेळ तिला ताटकळत ठेवायचं? हात दुखत असेल तिचा.

घरी सांगितलं तर मारितनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "उद्या जा आणि सांग."

"त्याला किती ओशाळवाणं होईल गं."

"आणि आपण काय होणार, स्टेलान? गरम घरात उपाशी?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती बहीण मला समोर सोफ्यावर बसलेली दिसत होती. पण तोंड उघडेल तर शप्पथ. शेवटी नोव्हेंबरात मारितनं मला युनियनच्या बाईंकडे धाडलं. रिट्वा. फिनलंडची. ती चार शब्दांच्या वर बोलत नाही.

"राजीनामा दिलास?"

"नाही."

"सही केलीस?"

"पेन पुढं केलं होतं तिनं."

"मूर्ख आहेस. आत्ता वर जाऊ. मी बोलते." आणि उठलीच ती, चष्मा लावला, दार उघडलं! मी म्हटलं, "रिट्वा, थांब, निरोपाच्या समारंभाचा केक मागवलाय त्यांनी."

ती दारात थांबली. "कुठला?"

"हिरवा. बदामाच्या मार्झिपानचा. चाळीस माणसांचा."

रिट्वा परत येऊन खुर्चीत बसली. चष्मा काढला. वीस वर्षं आमच्यात राहिलीय शेवटी. म्हणाली, "मग अवघड आहे."

तरी मी हिय्या केला होता, खरंच सांगतो. निरोपाच्या दिवशी खिशात कागद घेऊन गेलो, त्यावर एकच वाक्य, 'मी कुठंही जात नाहीये.' एवढंच वाचायचं, बसायचं. चाळीस माणसं हातात बशा घेऊन उभी. पाँटसचं भाषण, 'स्टेलाननं आपल्याला श्वास दिला.' फुलं. पाखरांना दाणे घालायचं लाकडी घर भेट. गुनब्रिट रडत होती, तिला मी एकोणीस वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मग सगळे गप्प, माझ्याकडे बघतायत. मी कागद काढला. तोंड उघडलं. म्हटलं, "मी कुठंही..." आणि बघतो तर पाँटस श्वास रोखून उभा, केकवरची सुरी त्याच्या हातात, चेहरा लहान मुलासारखा... "मी कुठंही गेलो तरी तुम्हाला विसरणार नाही."

टाळ्या. केक चांगला होता.

डिसेंबर कसा काढला माझं मला माहीत. दुपारी तीनला अंधार, समोर ते पाखरांचं घर, त्यात एकच पाखरू येतं, तेही मला बघून उडून जातं. सकाळी सात वाजून दहाला आपोआप जाग यायची आणि अंगठा द्यायला कुणी नाही. हसाल तुम्ही, पण मला त्याची आठवण यायची हो. ती साइट उघडली की वर पहिल्यांदा काय दिसावं? 'तुम्ही कदाचित पाँटसला ओळखत असाल.' मारित रोज पाकिटं उघडायची, बिलं एका बाजूला रचायची, मला काही बोलायची नाही, आणि ती काही बोलत नाही म्हटल्यावर मला जास्तच भीती. एकदा मी विचारलं, घाबरलीस का गं? ती म्हणाली, "हो." बस, एवढंच. इतक्या वर्षांत कुणी मला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं, आणि ते ऐकून मला रडूच आलं.

आणि त्याच दिवशी जाहिरात दिसली. माझ्या जागेची. 'आम्हाला हवा आहे स्पष्टपणे बोलणारा, न घाबरणारा सहकारी.' खाली कामाचं सगळं वर्णन, ते मीच लिहून दिलं होतं जाता जाता, पाँटस म्हणाला होता तुझ्याइतकं कुणाला माहीत. मी म्हटलं, छे, आपण कसा अर्ज करणार, त्यांना किती अवघडल्यासारखं होईल, उगाच कुणाला... वाक्य पुरं व्हायच्या आत मारितनं माझा अर्ज धाडूनही दिला होता.

त्यांनी बोलावलं. बोलावणारच, न बोलावलं तर मला वाईट वाटलं असतं ना. टेबलाच्या पलीकडे पाँटस आणि मलिन. पाँटस माझ्याकडे बघेना, मी पाँटसकडे बघेना, मलिन कागदाकडे बघतेय. तिनं विचारलं, "आमच्या कंपनीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" मी म्हटलं, थोडीफार. मग म्हणाली, "याआधीची नोकरी का सोडलीत?"

तुम्हाला सांगतो, त्या खोलीतली हवा मी स्वतः आखलेली, दर मिनिटाला किती आत येते मला पाठ, पण त्या क्षणी श्वास घ्यायला नव्हती. खरं सांगायची हीच वेळ, खरं म्हणजे आता मला सांगायलाच हवं, असं मी म्हणेपर्यंत पाँटसच खाली मान घालून हळू आवाजात म्हणाला, "साहेबाचं काही चुकलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, नाही. साहेब फार चांगला होता. पत्र मला नीट लिहिता आलं नाही."

पाँटसनं पुढ्यातला अर्ज सरळ केला. मग म्हणाला, "त्यानंही विचारायला हवं होतं. तो घाबरला असेल." मी म्हटलं, "असेल." मलिननं ते लिहून घेतलं.

तिथंच संपायला हवं होतं की नाही? पण नियम म्हणजे नियम. मलिन म्हणाली, "तुमच्याबद्दल कुणाकडे चौकशी करता येईल?" आता तेवीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेल्या माणसानं कुणाचं नाव सांगायचं? मी म्हटलं, "पाँटस." तिनं फोन उचलला आणि नंबर लावला. पाँटसच्या खिशात वाजायला लागला. तो म्हणाला, "माफ करा हं, एक मिनिट", उठून बाहेर गेला, काचेपलीकडं उभा राहून त्यानं फोन घेतला, आणि पाच मिनिटं माझ्याकडे पाठ करून माझ्याबद्दल चांगलं बोलला. सगळं ऐकू येत होतं. मला इतकं संकोचल्यासारखं झालं की मी छतातली नळी मोजत बसलो.

मिळाली हो, नोकरी मिळाली! मारितनं ऐकून मटकन खाली बसकण मारली आणि हसत सुटली. फक्त नवीन माणसाला सहा महिने कच्चं ठेवतात, काम बघून मग पक्कं. मी म्हटलं, हरकत नाही, बघा.

पहिल्या दिवशी, जानेवारीत, पाँटसनं मला सगळं ऑफिस फिरवून दाखवलं. नवीन माणसाला दाखवतातच. इथं कोट टांगायचा, हे कॉफीचं यंत्र, हे बटण दोनदा दाबावं लागतं. मी म्हटलं, अच्छा. कुणी हसलं नाही, एकानंही 'अरे स्टेलान, तू!' म्हटलं नाही, इतकी सांभाळून घेणारी माणसं. मग मला माझ्या टेबलापाशी नेलं. समोरून गुनब्रिट उठली, जेवणाचा डबा बाजूला ठेवला, हात पुसला, पुढं केला, म्हणाली, "गुनब्रिट."

काय करणार? मीही हात पुढं केला, म्हटलं, "स्टेलान."

"आवडेल तुला इथं," ती म्हणाली. "माणसं चांगली आहेत. थोडी अबोल आहेत, पण होते सवय."